रंगावर आवळलेली वायर

वडिलांनी गॅरेज थोरल्या लेकीच्या नावावर केलं, तेव्हापासून तीन वर्षं धाकट्या भावाने तिचा उंबरा ओलांडला नव्हता. आज त्याची शाळेची व्हॅन नेमकी तिच्याच दारात बंद पडली.

"मागच्या महिन्यात माझी बायको तुझ्याकडून हेडलाइट बसवून घेऊन गेली, तेव्हापासून गाडी अशी रुसलीय," तो तणतणला. "नवी बॅटरी घातली, नवा स्टार्टर घातला. काय करून ठेवलंयस, ताई?"

त्याची बायको व्हॅनमध्ये स्टीअरिंगमागे बसली होती. तिनेही नणंदेकडे पाहिलं नाही.

ताईच्या डोक्यात सणक गेली; त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. पण आपल्या कामाला कोणी नावं ठेवलेली तिला खपत नसत. "चावी फिरव गं," ती भावजयीला म्हणाली.

टक्. पुढे काही नाही.

तिने मीटर बॅटरीला लावला. बॅटरी ठणठणीत होती. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनवर टेकवून पुन्हा चावी फिरवायला लावली. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा होता, तो चारच्या पुढे गेला.

"स्टार्टरच खराब निघाला असणार," भाऊ म्हणाला.

"तोंड बंद ठेव जरा."

तिने जाड केबल घेऊन बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिनला जोडला. चावी फिरताच इंजिन धडधडलं. म्हणजे दोष अर्थिंगच्या, बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या वायरीत होता. तिने खाली वाकून बॉडीवरचा बोल्ट सोडला. त्याच्याखाली निळ्या रंगाचा जाड थर होता, लोखंड कुठेच दिसेना.

"व्हॅन कोणी रंगवली?"

भावाने मान वळवली. "पैसे वाचावेत म्हणून मीच, हेडलाइट बसवल्यावर दोन दिवसांनी. त्यात काय बिघडलं?"

"रंगातून वीज जात नाही, शहाण्या."

तिने पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, वायर आवळली, केबल काढली. व्हॅन एका फटक्यात सुरू झाली.

भावजय खिडकीतून म्हणाली, "झालं का तुमचं समाधान, ताई? नवऱ्याला माझ्यासमोर मूर्ख ठरवलंत."

"ठरवायला मी कोण? त्याने आपल्या हाताने रंग फासलाय."

भावजयीचा राग आता नवऱ्यावर वळला. तिने गिअर टाकला. दुसऱ्या बाजूने चढायला निघालेल्या नवऱ्याकडे न बघता तिने व्हॅन दामटली. तो तिथेच उभा राहिला.

"पाणी तरी देशील?" त्याने विचारलं.

"नळ मागे आहे," ताई म्हणाली आणि तिने पुढच्या गाडीचं बॉनेट उघडलं.