भेगेवरची पट्टी

मी नगरभवनाचा मनोरा बोलतोय. आज दुपारी बाराला माझं काय होणार हे मला कळून चुकलंय, आणि खाली चौकात नाचणाऱ्या एकालाही त्याचा पत्ता नाही. म्हणून जरा घाईत सांगतो.

मला बर्नार्दो गवंड्याने उभं केलं. इटलीहून डोंगर ओलांडून आलेला, तोंडाने फटकळ, पण हातात जादू. खाली सात कमानी, भिंतीवर गिलावा खरवडून काढलेली फुलं, माथ्यावर नक्षीचा दगडी कठडा. काय देखणा होतो मी! पण शेजारच्या गावाने आपला मनोरा वाढवला आणि आमच्या नगराध्यक्षांच्या, हिएरोनिमसाहेबांच्या, पोटात दुखायला लागलं.

"आणखी एक मजला चढव," ते म्हणाले.

"साहेब, खाली वाळू आहे. पाया खचेल."

"तू बांध रे. अक्कल आम्हाला आहे."

मजला चढला. वर्षभरात जिन्यापाशी भेग पडली. बर्नार्दोने तिच्यावर चुन्याची पातळ पट्टी आडवी लावली आणि बजावलं, "ही तडकली तर मनोरा हलतोय समजा. घंटा बंद, माणसं खाली!" त्याच हिवाळ्यात तो बिचारा तापाने गेला.

आता या शहाण्यांची तऱ्हा ऐका. जत्रेआधी दरवर्षी इथे सफेदी होते. सफेदीवाला उर्बान कामाला चोख. पट्टी तडकलेली दिसली की म्हणणार, "अरेरे, पाहुणे काय म्हणतील!" आणि ताजा चुना भरून गुळगुळीत करणार. अकरा वर्षांत अकरा वेळा! मग हिएरोनिमसाहेब येऊन तिच्यावरून बोट फिरवणार, "बघा, अखंड आहे. तो इटलीवाला उगाच भित्रा."

वर सालोमेया राहते, घंटा वाजवणारी विधवा. तिच्यावर माझा फार जीव. परवा मी रात्रभर कुरकुरलो, तिला सावध करायला तिच्या बीटच्या कालवणात दगडाचा कपचाही टाकला. दुसरं काय करणार? ती तडक खाली गेली.

"उर्बानकाका, भिंत कुरकुरते हो."

"अगं, पट्टी बघ की! नव्यासारखी आहे."

तिने पाहिली. "मग माझेच कान वाजत असतील," म्हणत हसून वर आली.

आज नवी घंटा पहिल्यांदा वाजायचीय, जुनीच्या तिप्पट वजनाची. सकाळीच पट्टी पुन्हा तडकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण जिन्यात बघायला आहे कोण? सगळे चौकात, माना वर करून.

सालोमेयाने झग्याला हात पुसून दोर धरलाय. "चल रे म्हाताऱ्या," ती मला म्हणते, "आज गावाला दाखवू आपण."

अगं बाई, सोड तो दोर. जिना उतर. तू खाली पोचेपर्यंत मी कसाबसा उभा राहीन, पण आत्ता उतर.

तिने दोर ओढला.