आलुबुखारच्या पाण्याला कॅन्सर

अरे, गर्दी म्हणजे काय गर्दी! कोरियातल्या छंगजू शहराबाहेरच्या त्या प्रार्थनागृहात मुंगीला शिरायला जागा नाही, आणि व्यासपीठावर माएंग पाळक एका म्हातारीचं बोट आलुबुखारच्या आंबट पाण्यात बुडवतोय. "शुद्ध हो!" सुई टोचली, थेंब कागदी पट्टीवर. दोन रेघा! "कॅन्सर!" म्हातारी मटकन खालीच बसली. मग डोक्यावर हात, आरडाओरडा, बोट झऱ्याच्या पाण्यानं धुतलं, पुन्हा टोचलं, नवी पट्टी. एकच रेघ! "सैतान पळाला! बोला आमेन!"

"आमेन!" सगळ्यांत मोठा आवाज ओक्बूनचा. शेजारी तिची लेक नारे दातओठ खात बसलेली. रक्तातली कॅन्सरची खूण पकडणाऱ्या पट्ट्या तयार करणं, हेच नारेचं काम. आणि आईच्याच छातीत गाठ! ऑपरेशन ठरलेलं, पण इथली एक रेघ बघून आईनं पानगळीत साफ नकार दिला. आता चेरी फुलली होती, म्हणजे सहा महिने असेच गेले.

नारेची नजर पट्टीच्या हिरव्या कडेवर गेली. "आई, या आमच्या बाद पट्ट्या! माझ्या कपाटातल्या?"

"मीच वाहिल्या पाळकांना. तुझ्या कामाला आशीर्वाद मिळावा म्हणून. चिडू नकोस गं."

नारे ताडकन उठली ती थेट व्यासपीठावर.

"ए पोरी, आधी प्रार्थना कर!"

"आधी कोरी तपासणी, पाळकसाहेब! आमच्याकडे रक्ताआधी नुसतं पाणी तपासतात." तिनं वाडग्यातलं आंबट पाणी कोऱ्या पट्टीवर ओतलं. रक्ताचा टिपूस नाही.

दोन रेघा.

"अरेरे, आलुबुखारला कॅन्सर झाला की हो!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

"पट्टीवर अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात," नारे धापा टाकत म्हणाली, "रक्तातली खूण धरायला. आंबट लागलं की या बिघडतात, काहीही नसताना रेघ उठते. खरी खूण तर धरतच नाहीत, म्हणून बाद केल्या! बोट साध्या पाण्यानं धुतलं की एक रेघ. हाच यांचा सैतान!"

पाळक ढिम्म. उलट गोड हसला. "श्रद्धा डळमळली की गेलेली गाठ परत येते हं, ओक्बूनबाई."

ओक्बून उभी राहिली. "नारे, मग माझी गाठ?"

नारेनं फोन काढून दवाखान्याची उद्याची वेळ घेतली.

दुसऱ्याच दिवशी ती आईला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडांत उतरलंय. आता कापून उपयोग नाही." परतताना गाडीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू काल तिथं बोलली नसतीस ना, तर गेलीच होती गं गाठ."

म्हणून सांगतो, कुणी चमत्कार दाखवला ना, की एवढंच म्हणा: माझं रक्त न घालता दाखव. आणि तिथल्या तिथं म्हणा रे. चेरी फुलायची वाट बघू नका.