अठरा मिनिटं

"बाई, या पट्टीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलंत की गेलात." प्रशिक्षण वर्गाचे सर गुडघ्यांवर बसून चौथीच्या वर्गात जमिनीला निळी चिकटपट्टी लावत होते. "गेलात म्हणजे कॅमेऱ्यातून गेलात, असं म्हणतोय मी."

"कळलं सर. मागच्या वेळी त्याला पाठ दाखवली, तर त्याने मला घरची वाट दाखवली."

सर हसले. हसणं भागच होतं, कारण मागच्या वेळी बाई परीक्षेत नापास झाली त्यात त्यांचाही जीव हळहळला होता.

शाळेत तिला सगळे बदलीबाई म्हणत. कुणी रजेवर गेलं, कुणी बाळंतपणाला गेलं, कुणी मेलं, की त्या वर्गावर हिला उभं करायचं. असं करता करता अकरा वर्षं निघून गेली आणि शेवटची तीन वर्षं तर चौथीचा अख्खा वर्ग तिच्याच गळ्यात पडला. पण कागदोपत्री ती शिक्षिका नव्हतीच. आता वरून नियम आला होता की वर्षअखेरपर्यंत ज्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल, त्याने वर्गात उभं राहायचं नाही. मग वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी बाई दर रविवारी भावी शिक्षकांच्या वर्गात जाऊन बसू लागली, विशी-बाविशीतल्या पोरापोरींच्या मांडीला मांडी लावून. ती पोरं तिला मावशी म्हणत आणि तिच्या मोबाईलची अक्षरं मोठी करून देत.

आणि एक सांगायला हवं. शाळेत काचेचा नवा, बोटाने चालणारा फळा आला तेव्हा तिने त्याच्याकडे बघून नाक मुरडलं नाही. काचेवर बोट फिरवलं की वर्तुळाचे समान भाग होतात, ते पहिल्यांदा बघताना तिला मनापासून वाटलं होतं की हे आपल्याला दहा वर्षं आधी मिळायला पाहिजे होतं. प्रत्येक मुलाच्या हातात दोन बटणांचं छोटं यंत्र असायचं. प्रश्न आला की मुलांनी बटण दाबायचं आणि फळ्यावर प्रत्येकाच्या बाकाचा ठिपका उमटायचा. बरोबर तर हिरवा, चूक तर लाल. वह्या तपासून डोळे गेलेल्या बाईला हे म्हणजे आयतं ताटच होतं.

परीक्षा एकाच पाठाची. पस्तीस मिनिटं, खरा वर्ग, खोलीत दुसरं मोठं माणूस नको. चित्रण वर पाठवायचं. तिथे माणूस नाही, यंत्रच ते बघून गुण देणार. संधी दोनच. ही दुसरी.

सर बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले आणि पाठ सुरू झाला. सुरुवात झकास झाली. बाई पट्टीच्या आत, चेहरा कॅमेऱ्याकडे, गळ्यापाशी माईक, आवाज खणखणीत. वर्तुळाचे चार भाग झाले, मग आठ झाले. बाराव्या मिनिटाला तिने प्रश्न टाकला, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? एकतीस मुलांनी बटणं दाबली. तीस ठिपके हिरवे आले आणि तिसऱ्या रांगेतला एक लाल.

"चिमणी चुकली," मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला.

चिमणी म्हणजे बारीक आवाजाची, बारीक चणीची पोर. तिच्या शेजारची हुशार मुलगी त्या दिवशी आली नव्हती. फळ्यावर खाली अक्षरं आली : समजले सत्त्याण्णव टक्के, पुढे चला.

पुढे चला. किती सोपं होतं. पण चिमणीच्या नावापुढे सात महिन्यांत एकदाही लाल ठिपका आला नव्हता, हे बाईला माहीत होतं, आणि पोरीचा चेहरा चुकलेल्या मुलीचा नव्हता, पकडल्या गेलेल्या मुलीचा होता. बाईने बाकीच्यांना पुढची उदाहरणं लावून दिली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन ती त्या बाकावर टेकली. पट्टी कधी ओलांडली ते तिला कळलंसुद्धा नाही.

"काय झालं गं?"

"चुकून दाबलं."

"असू दे. मग सांग बघू, आठवा भाग लहान का?"

पोरीला हुंदका आला. मग मान इतकी खाली की कपाळ बाकाला लागलं.

"बाई, मला काहीच येत नाही. मी तिचं बघून दाबते."

"कधीपासून?"

"दुसरीपासून."

सात महिने बाई या पोरीच्या नावापुढचा हिरवा ठिपका बघून समाधानाने पान उलटत होती. यंत्राला काय दोष द्यायचा? त्याने बटण मोजलं. डोळे तर बाईच्या कपाळाखाली होते.

"कुणाला सांगू नका बाई. आईला कळलं तर ती म्हणेल घरी बस, धाकट्याला सांभाळ. ती तसं म्हणतेच."

तेव्हा मात्र बाईने जे केलं ते पूर्ण शुद्धीत केलं. तिने गळ्यापाशी हात नेऊन माईक बंद केला. पोरीचं पुटपुटणं तिथवर पोचलं नसणार, पण आता आपलं बोलणंही त्यात जायला नको होतं.

"नाही सांगत," ती म्हणाली.

मग तिने एक कोरा कागद घेतला आणि पोरीकडून त्याच्या घड्या घालून घेतल्या. एक घडी, दोन घड्या, तीन घड्या. उलगडून चौकोन मोजायला लावले, पुन्हा घड्या, पुन्हा मोजणी. चिमणी चारदा चुकली. पाचव्यांदा तिने घडी हातात धरली, नीट निरखली आणि म्हणाली, "जास्त जणांत वाटलं की प्रत्येकाला कमी येतं." कुणी सांगितलं नव्हतं तिला. अकरा वर्षांत बाईच्या वाट्याला अशी वाक्यं फार तर दहा-बारा आली असतील. बाई उठली तेव्हा पाठाची पाच मिनिटं उरली होती.

आठ दिवसांनी निकाल आला. मुख्याध्यापिकेने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. शिक्षक वर्गात अनुपस्थित : अठरा मिनिटे. त्या वेळेत ध्वनी : नाही. गुण : एकतीस. पास व्हायला पन्नास लागत होते.

"मी होते की वर्गात," बाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"मी व्हरांड्यातून बघितलंय, त्या एका मुलीशेजारी बसल्या होत्या या," निकाल बघायला आलेले सर मुख्याध्यापिकेला म्हणाले. "पण मी पडलो मार्गदर्शक, माझी साक्ष चालत नाही. मुलीची चालते. तिने कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलायची. मला येत नव्हतं, बाईंनी शेजारी बसून शिकवलं. बस्स. मी स्वतः हरकत दाखल करतो. इतका चांगला पाठ मी या वर्षी बघितला नाही हो बाई."

बाईने हो म्हणावं की नाही, ते रात्रभर तिला ठरवता आलं नाही. घरी लेकीला मात्र काही ठरवायचं नव्हतं. पाठातली वर्तुळं तिनेच आईला दोन रात्री बसून करून दिली होती.

"उद्या तिला बोलायला लाव. नुसती दोन वाक्यं तर आहेत."

"मी तिला शब्द दिलाय."

"आणि मला? मला म्हणाली होतीस पट्टी सोडणार नाही म्हणून." लेकीचा आवाज फुटला. "आई, तुला दुसरं काही येतं का गं? शाळा गेली तर तू सकाळी उठून करणार काय?"

या प्रश्नाने बाई इतकी घाबरली की सकाळी शाळेत गेल्या गेल्या तिने सरांना सांगून टाकलं, बोलवा तिला. सांगताना तिने खिडकीबाहेर बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला एखाद्या मुलाच्या समोर जायची भीती वाटली.

चिमणी आली. सरांनी तिला खुर्चीवर बसवलं, समोर कॅमेरा लावला, गोड आवाजात समजावलं. खरं तेच सांगायचं, घाबरायचं नाही.

"हे घरी दिसेल?" तिने विचारलं.

"दिसेल की. तुझ्या नोंदीला जोडलं जाणार, म्हणजे आईच्या मोबाईलवर पण जाणार. छान ना?"

चिमणीने बाईकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती फक्त विचारत होती, तुम्ही सांगितलंत का? बाईने अगदी हलकेच मान हलवली. नाही.

कॅमेऱ्याचा दिवा लागला. सर म्हणाले, "हं, सांग बाळ. तुला अपूर्णांक येत नव्हते, मग बाई तुझ्याजवळ आल्या..."

"मला सगळं येतं," चिमणी म्हणाली. शब्दामागे शब्द, पाठ केल्यासारखे. "माझे सगळे ठिपके हिरवे असतात. त्या दिवशी चुकून दाबलं गेलं. बाई माझ्याकडे आल्या नव्हत्या."

सरांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी कॅमेरा थांबवला नाही, ते बाईकडे वळले. "बाई? सांगा ना. मी बघितलंय."

बाईला रडू आलं होतं आणि रागही आला होता, त्या पोरीचा आला होता, हे कबूल करायला हवं. नऊ वर्षांच्या पोरीचा. एक वाक्य बोललं असतं तर सगळं निस्तरलं असतं. पोरीच्या दप्तरातली चुकलेल्या गणितांची वही आणवून घेतली असती तरी निस्तरलं असतं.

"ती म्हणते ते बरोबर आहे," बाई म्हणाली. "वर्गात जा गं तू. तास सुरू झाला असेल."

चिमणी गेली. सरांनी तारा गुंडाळल्या आणि पेटी उचलून ते निघून गेले. मुख्याध्यापिकेने टॅबलेट पुढे केला. निकाल मान्य असल्याची सही बोटाने करायची होती. सहीच्या जागेच्या वर छापलेलं होतं की पाठाच्या वेळी अठरा मिनिटं आपण वर्गात नव्हतो हे आपल्याला मान्य आहे. पहिली सही वेडीवाकडी आली.

"पुन्हा करा," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घेत नाही ते."

बाईने काच पदराने पुसली आणि फळ्यावर लिहायची तशी, सावकाश, गोलाई सांभाळत सही केली. ती घेतली गेली.

मुख्याध्यापिका जराशा घुटमळल्या. त्या वाईट नव्हत्या. "नवे शिक्षक सोमवारी येतायत. चौथीवर तोपर्यंत कुणीच नाही. आज-उद्याचे तास... नको असेल तर राहू द्या, मी समजू शकते."

"घेते," बाई म्हणाली.

व्हरांड्याच्या टोकाशी चौथीचा गोंगाट ऐकू येत होता. तिने दारात थांबून चेहरा पुसला. ती आत गेली तशी मुलं उभी राहिली आणि तिने त्यांना बसायला सांगितलं.