तितराचा उपास

तोलेदो शहरात ब्लास तोरिहा नावाचा एक चित्रकार होता. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर कायमचं बिऱ्हाड करून राहिला होता, आणि कारणही तसंच होतं. संतांची चित्रं काढणारे त्याला 'भाजीवाला' म्हणत. त्यानंही एकदा संत काढून पाहिला, पण दाढी मुळ्याच्या मुळांसारखी दिसते म्हणून देवळानं तो परत पाठवला. तेव्हापासून ब्लासनं माणसांचं नाव टाकलं. गाजरं, लिंबं, डाळिंबं आणि टांगलेली पाखरं, बस्स.

मग त्याच्या हातून तो तितर झाला. काळ्याभोर खिडकीत दोरीला उलटा टांगलेला तितर, खाली एक लिंबू, बाकी नुसता अंधार. त्याच्यापायी इतके खरे तितर घरात कुजले, की शेजाऱ्यांनी वाट बदलली आणि बायको कासिल्दा नाकाला फडकं बांधून रांधू लागली. पण चित्र असं उतरलं की फुंकर घालावी आणि पिसं हलावीत. ती हललेली पाहिली, असं शपथेवर सांगणारे लोक आजही भेटतील. ब्लास म्हणे, हा अंधार आणि हा तितर, एवढंच काय ते माझं. बाकी सगळी पोटाची खटपट.

चित्र पाद्री लुपेर्सियोनं आपल्या जेवणघरासाठी घेतलं. ईस्टरच्या आधीचे, मासा चालणारे पण मांस वर्ज्य असलेले उपास आले आणि निरोप आला, की पाहुणे खारा मासा चघळता चघळता तितराकडे बघून मनानं मांस खातात, तेव्हा त्याच्यावर मासा रंगव आणि ईस्टरला परत तितर कर. ब्लासनं दातओठ खात मासा रंगवला. पुढं तो खरवडताना तितराच्या छातीची निम्मी पिसं गेली, आणि ती परत उगवेतो ब्लासचा उन्हाळा गेला.

पुढच्या वर्षी तोच निरोप आला. ब्लास तरातरा पाद्र्याच्या घरी गेला.

"नको तर नको," लुपेर्सियो म्हणाला. "संतवाला बिसेंते रंगवेल."

"बिसेंतेचा मासासुद्धा हात जोडून आभाळाकडे बघेल, पाद्रीबाबा."

"मग तू रंगव. एका मेल्या पाखरासाठी मी पाहुण्यांना नरकात पाठवू?"

उपासात आजाऱ्याला मांस खाण्याची सूट देणारा, पोपच्या शिक्क्याचा छापील कागद देवळाच्या दारात विकत मिळे. त्याला बुला म्हणत. बुलेचा अपमान करणाऱ्याची जीभ झडेल, असं लुपेर्सियो स्वतः प्रवचनात गरजत असे. परतीच्या वाटेवर ब्लासनं एक बुला घेतली. विकणाऱ्यानं नाव विचारलं, तर म्हणाला, लिही तितर. मग रंग घेऊन तो पाद्र्याच्या जेवणघरात ठाण मांडून बसला आणि तितराशेजारच्या अंधारात, खिळ्याला अडकवलेली ती बुला रंगवली. कागदाच्या एकेका घडीला एकेक शिवी दिली.

"तो अंधार तुझा जीव होता ना रे," कासिल्दा म्हणाली. "त्यात माशी बसू दिली नव्हतीस."

तितर तरी वाचेल, एवढंच तो बोलला. त्या रात्री तो जेवला नाही.

लुपेर्सियोनं विचारलं, ही कोणाची बुला?

"तितराची. मेलाय बिचारा, याहून आजारी कोण?"

पाद्री लालबुंद झाला, पण पोपच्या शिक्क्याचा अपमान करायचा कसा? मासा टळला. मात्र पाहुणे येत ते थेट त्या कागदापाशी. कोणी नखानं त्याची कड उचलू पाही, कोणी शिक्क्याला ओठ लावी. तितराकडे एकजण ढुंकून बघेना. ब्लासच्या घरी मागण्या येऊ लागल्या, आम्हालाही असाच कागद काढून द्या. पाखरू नसलं तरी चालेल.

ईस्टर झाला, तसा ब्लास सुरी घेऊन गेला. उपास संपले, आता कागद खरवडून माझा अंधार परत करतो, म्हणाला. पाद्री हात पसरून चित्रापुढं उभा राहिला.

"कागदाला धक्का लावायचा नाही. जागा कमी पडत असेल तर तितर पूस."

 ब्लासनं पाद्र्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि सुरी कापडात खुपसली. दोरीसकट, लिंबासकट तितर कापून घेतला, गुंडाळून काखेत मारला.

"कागद तुमचा, पाद्रीबाबा," तो म्हणाला. "पाखरू माझं."

भोक पडलेलं ते चित्र पुढं पुष्कळ वर्षं त्या जेवणघरात टांगलेलं होतं. पाहुणे कागदाची वाहवा करत राहिले. शेजारी एवढं भगदाड कसलं, हे एकानंही विचारलं नाही.