डोळे मिटून बसणारा

लिफ्ट दुरुस्त करणारा हा गृहस्थ पक्का नास्तिक. बायको गेली तेव्हा शेवटच्या प्रार्थनेलाही तो साफ नाही म्हणाला आणि सासरच्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. तत्त्वाला जागला खरा, पण तत्त्व काही संध्याकाळी चहाला सोबत बसत नाही. दिवसभर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ग्रीसने हात माखलेला एकटा, आणि घरी आला की हात धुतलेला एकटा. बातम्या वाचणाऱ्या बाईला तो टीव्हीसमोर बसून "दमलीस का गं?" विचारायला लागला, तेव्हा त्याचा तोच चपापला.

मग एका सभागृहाची लिफ्ट अडकली. तिथे रविवारी एक प्रार्थनामंडळ जमायचं. कुठल्याही देवाला मानणारा या मंडळाला चालायचा. काम संपल्यावर मंडळाच्या ताई म्हणाल्या, "हात धुऊन या आणि बसा की थोडं." तो बसला. पुढच्या रविवारी लिफ्ट धडधाकट होती, तरी गेला.

तिथे त्याने लबाडीच केली म्हणायची. तोंडाने काही बोलला नाही, पण सगळे मूक प्रार्थनेला बसले की हाही डोळे मिटायचा, आणि सगळ्यांचे उघडले तरी याचे मिटलेलेच. "आपल्यात खरा भाविक हाच," असं मंडळातल्या नर्सबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या. खरं सांगावं तर रविवार हातचा जाणार, आणि रविवार सोडला तर त्याच्याकडे होतं काय?

अशात ताईंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. भर मंडळात त्या त्याला म्हणाल्या, "आज माझ्यासाठी तुम्ही मोठ्याने प्रार्थना म्हणा. तुमचं देव ऐकेल."

थाप मारायची तर चार वाक्यांचं काम होतं. पण ऑपरेशनला निघालेल्या बाईला थाप मारायला त्याची जीभ रेटेना.

"ताई, मी देव मानत नाही. कधीच मानला नाही."

नर्सबाईंचा चेहरा पडला. "मग एवढा वेळ डोळे मिटून करता तरी काय?"

"ऐकतो," तो म्हणाला. "कुणी श्वास घेतं, कुणी खोकतं, कुणाची खुर्ची करकरते. घरी माझ्याशिवाय कुणाचा आवाज नाही. माझे डोळे उघडेपर्यंत सगळे थांबतात, उघडले की घरी निघतात. म्हणून मी जरा लांबवतो."

लाजेने त्याचे कान तापले. तो उठला आणि जाकीट घालू लागला.

"कुठे निघालात?" ताई म्हणाल्या. "प्रार्थना करायला ही सगळी आहेत. तुम्ही त्या दिवशी दवाखान्यात या. शुद्धीवर आल्यावर 'बाहेर कोण आहे' असं विचारीन, तेव्हा कुणीतरी असायला हवं. माझ्याही घरी कुणी नाही."