बायडाबाई रस्ता ओलांडत असतात

भाड्याची गाडी चालवणाऱ्या माणसाला पुण्यात वेगळं वाचनालय लावावं लागत नाही. कोथरूडला एका गल्लीच्या तोंडाशी लिहिलंय, 'हा रस्ता कोठेही जात नाही. आम्ही इथेच राहतो.' बिबवेवाडीला एका उतारावर सरकारी पाटी आहे, 'पुढे तीव्र उतार आहे', आणि तिच्याखाली कुणीतरी रंगाने भर घातली आहे, 'ब्रेक असल्यास वापरावेत.' एका बंगल्याच्या फाटकावर, 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. पंप आमच्याकडे आहे, पण मिळणार नाही.' बाहेरगावचं गिऱ्हाईक असलं की गाडी थांबवायला लावतं, फोटो काढतं, पोट धरून हसतं. पूर्वी मीही हसायचो. आता माझ्याच्यानं हसवत नाही, कारण तसली एक पाटी माझ्या घरासमोर आहे आणि तिच्यावर माझ्या आईचं नाव आहे.

आमची वस्ती विश्रांतवाडीच्या पुढे. एकेकाळी तिथे नुसती शेतं होती, मग गाव महापालिकेत गेलं आणि आम्ही एका रात्रीत शहरवासी झालो. शहरवासी झाल्याची पहिली खूण म्हणजे डीपी रस्ता, विकास आराखड्यातला. तो नकाशावर म्हणे फार पूर्वीपासून होता, आमच्या लक्षात आला तो बुलडोझर आल्यावर. नेमका घर आणि गोठा यांच्या मधून गेला. अलीकडे घर, पलीकडे गोठा, विहीर आणि घासाचे दोन वाफे. गाई अलीकडे आणाव्यात तर शेजारी सोसायटी उभी राहिलेली. शेणाचा वास आला की त्यांची सभा भरते.

आमची आई, बायडाबाई, हा रस्ता मानायलाच तयार नव्हती. सकाळ-संध्याकाळ चांदी आणि हरणीची धार काढायला तिला पलीकडे जावं लागायचं. डाव्या हातात बादली, उजवा हात वर, पंजा उघडा, आणि ती चालू पडायची. डावीकडे बघणं नाही, उजवीकडे बघणं नाही. ब्रेक किंचाळायचे, लोक शिव्या द्यायचे, आणि मी चहाचा कप हातात घेऊन दारात उभा असायचो.

"अगं, बघून तरी जात जा," मी म्हणायचो.

"मी कशाला बघू? त्यास्नी मी दिसत न्हाई व्हय? हात क्येला की बैल थांबत्यात. ही तर शिकल्याली मानसं हायती."

बैलांबद्दल तिचं म्हणणं खरं होतं.

रस्त्याबरोबर एक पाटीही आली होती. 'पुढे गतिरोधक आहे.' पुढे गतिरोधक नव्हता. मागेही नव्हता. पहिले काही दिवस लोक पाटी वाचून वेग कमी करायचे, मग त्यांना समजलं की इथे काहीच नाही, आणि ते उलट जोरात जायला लागले. मी अर्ज घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून अर्ज वाचला.

"आपल्याला गतिरोधक हवा आहे."

"हो, साहेब."

"पण तो तर आहे तिथे."

"नाही, साहेब. तिथे पाटी आहे."

"गतिरोधक नसता तर पाटी कशी लागली असती?" साहेब शांतपणे म्हणाले. "एका जागी दोन गतिरोधक देता येत नाहीत."

"मग पाटी तरी काढा."

"वा! गतिरोधक असताना पाटी काढायची? उद्या कुणी पडलं म्हणजे आम्हालाच विचाराल."

मी बाहेर आलो आणि गाडीत नुसता बसून राहिलो. कुणाशी भांडावं हेच कळेना. त्या साहेबाशी भांडणं म्हणजे पाटीशी भांडणं.

माझी बायको श्यामला नारायण पेठेतली. तिच्या भावाच्या लग्नाचं भाडं मी केलं होतं आणि वऱ्हाडात मला बायको मिळाली, ती गोष्ट वेगळी. पाट्यांच्या बाबतीत मात्र तिच्या माहेरचं रक्त आहे. मी कार्यालयातली हकिकत सांगितली तेव्हा ती अजिबात चिडली नाही. कोपऱ्यात पडलेला पत्र्याचा तुकडा तिने घासूनपुसून घेतला, पांढरा रंग दिला, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या अक्षरांत लिहिलं:

'वाहने हळू चालवा. बायडाबाई रस्ता ओलांडत असतात. त्या थांबणार नाहीत. आपल्याला थांबावे लागेल.'

"थोडं उद्धट होतंय का?" मी विचारलं.

"अहो, विनंती कोण वाचतं?" ती म्हणाली. "उद्धट असेल तर दोनदा वाचतील. दोनदा वाचायचं तर वेग कमी करावाच लागेल."

आणि काय सांगू, झालं तसंच! पाटी लावली आणि गाड्या हळू झाल्या. टँकरवाले, डंपरवाले, कंपन्यांच्या बसगाड्या, सगळे. वाचायचे, हसायचे, आणि तेवढ्यात आई हात वर करून ऐटीत पलीकडे पोचलेली असायची. कित्येक महिन्यांनी मी सकाळचा चहा खाली बसून प्यालो. सरकारला जे जमलं नाही ते बायकोनं एका पत्र्यावर करून दाखवलं म्हणून मी स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटलो.

मग एका संध्याकाळी मथुराबाई आल्या. मथुराबाई म्हणजे आईची लहानपणची मैत्रीण, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहणारी. त्या वाटेवरूनच हंबरडा फोडत आल्या, पदर तोंडाला लावलेला, मागे दोन सुना. श्यामला घाबरून बाहेर धावली.

"बायडे, मला न सांगता गेलीस की गं!"

त्याच वेळी आई पलीकडून हात वर करून येत होती, बादली भरलेली. मथुराबाईंनी तिला बघितलं आणि तिथेच मटकन खाली बसल्या. त्यांना वाचता येत नाही. कुणीतरी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की रस्त्याला बायडाबाईच्या नावाची पाटी लागलीय. आमच्याकडे चौकात नाव लागतं ते दोनच कारणांनी. एक पुढाऱ्याचा वाढदिवस आणि दुसरं भावपूर्ण श्रद्धांजली. आई काही पुढारी नव्हती.

आम्ही खूप हसलो. मथुराबाईही डोळे पुसून हसल्या, चहा प्याल्या. फक्त आई हसली नाही. त्या तिघी निघून गेल्यावर ती मला म्हणाली, "बजरंगा, ती पाटी काढ."

"का गं?"

"बाईमानसाचं नाव असं रस्त्याव लावत न्हाईत. मेल्याव लावत्यात. रोज तिच्याखालनं जाताना मला माझ्याच दहाव्याला चाललीया असं वाटतं."

"अगं, पण गाड्या थांबतात ना?"

"थांबू देत. तू नाव काढ."

नाव काढून कसं चालणार होतं? 'एक बाई रस्ता ओलांडत असतात' असं लिहिलं तर कोण थांबलं असतं? ते नाव होतं म्हणून तर लोक वाचत होते. मी म्हणालो, बघू. आपण नकार द्यायचा नसला की बघू म्हणतो, तसं.

तेवढ्यात कुणीतरी त्या पाटीचा फोटो काढून मोबाईलवर सोडला. माझ्याच गाडीत माझ्याच गिऱ्हाइकानं तो मला दाखवला, "ड्रायव्हरदादा, हे बघा, कसली भारी पाटी!" तोवर तो साऱ्या पुण्यात फिरून आला होता. मग रविवारी लोक मुद्दाम यायला लागले. मोटारी बाजूला लावायच्या, पाटीखाली उभं राहायचं, दोन बोटं दाखवायची. आई बादली घेऊन निघाली की, "आजी, आजी, एक मिनिट! हात तसाच ठेवा ना!" एका बाईनं तर तिचा वर केलेला हात धरून नीट वळवून दिला, फोटोत पंजा यावा म्हणून. आईची मान खाली गेली. सगळ्या वस्तीच्या बायकांवर आवाज चढवणारी माझी आई मान खाली घालून रस्ता ओलांडत होती, आणि मी ओसरीवरून ते बघत होतो. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला बरं वाटत होतं, कारण रस्त्यावर एकही गाडी हलत नव्हती.

"आई, थोडे दिवस," श्यामला तिला समजावायची. "लोक विसरतील. पाटी राहील."

आईनं मग त्या पाटीचं नाव काढणंच सोडलं. तिनं ऐकलं असं आम्हाला वाटलं. तिनं काय केलं होतं ते आम्हाला पुढं कळलं. ती घराच्या मागच्या दारानं निघायची, सोसायटीच्या भिंतीकडेनं ओढ्याच्या पुलापर्यंत जायची आणि तिथल्या वळणावर रस्ता ओलांडायची. तिथं पाटी नव्हती, फोटोवाले नव्हते, नाव नव्हतं. तिथं ती पूर्वीसारखी मान वर करून हात दाखवत असणार.

तिथंच तिला मोटारसायकलनं उडवलं.

मी विश्रांतवाडीच्या स्टँडवर होतो. श्यामलाचा फोन आला आणि मी कसा आलो ते मला सांगता येणार नाही. आई रस्त्याच्या कडेला आडवी, बादली लांब पडलेली, दूध डांबरावर. ठोकणारा माणूस पळाला नव्हता. कंपनीतून सुटून घरी चाललेला, माझ्याच वयाचा, गाडी तशीच पाडून आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. मी त्याची कॉलर धरली. मारायला हात उचलला होता.

"दादा, मी रोज जातो इथनं," तो म्हणाला. "आजींच्या पाटीपाशी रोज गाडी हळू करतो. आजही केली होती. पाटी गेली, आजी दिसल्या नाहीत, म्हणून मी गाडी पळवली."

माझा हात तसाच खाली आला. मारायला एवढा एकच माणूस सापडला होता, आणि तोच पाटी पाळणारा निघाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी मान हलवली. वय झालंय, म्हणाले, आता धरून धरून घरातल्या घरात चालल्या तरी खूप. गाई किती दिवस ठेवणार? मी गाडीवर, श्यामला बालवाडीत शिकवायला. धार काढायला दोघांनाही येत नाही. मी बसलो की चांदी लाथ झाडायची. लोणीकंदच्या एका ओळखीच्या माणसानं दोन्ही नेल्या. नेताना त्यांना आमच्या दारावरून न्यायचं नाही एवढी अट मी घातली.

यानंतर आमचे नगरसेवक, म्हणजे माननीय, आले. निवडणूक तोंडावर होती आणि पाटीवाल्या आजी पडल्याची बातमी मोबाईलवर सगळीकडे गेली होती. त्यांनी सफरचंदं आणली, फोटोवाला आणला, आईच्या पायाशी वाकले. बाहेर येऊन रस्त्याकडे बघून म्हणाले, "हे चालायचं नाही. उद्याच्या उद्या काम झालं पाहिजे." आणि झालं हो! जो गतिरोधक कागदावर आधीच होता म्हणून देता येत नव्हता, तो दोन मजूर आणि एका रोलरनं दुपारच्या जेवणाआधी करून टाकला. चांगला गलेलठ्ठ, पांढरे पट्टे ओढलेला, अगदी जुन्या सरकारी पाटीच्या पुढं. ती पाटी आता खरं बोलते. श्यामलाचा पत्रा काढून त्यांनी स्टीलची मोठी पाटी उभी केली. मजकूर तोच. खाली माननीयांचा हात जोडलेला फोटो आणि 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'. ती काढा म्हणायला मी पुन्हा त्या साहेबांकडे गेलो.

"आता का काढायची?" ते म्हणाले.

"आई आता रस्ता ओलांडत नाही, साहेब."

"तसा दाखला आहे?"

मी परत आलो.

आईची खाट खिडकीशी आहे. ती जागा तिनंच मागितली. गोठा दिसतो म्हणाली, रिकामा असला तरी. बाहेर दिवसभर गाड्या गतिरोधकापाशी येतात, ब्रेक लागतो, चाकं चढतात, उतरतात, निघून जातात. ओलांडणारं कुणीच नसतं. काही जण तर शिकवल्यासारखे पूर्ण थांबतात, डावी-उजवीकडे बघतात, आजी येताहेत का म्हणून वाट बघतात, आणि मग हळूच पुढं सरकतात. एवढी शिस्त मी अख्ख्या पुण्यात कुठं पाहिली नाही.

संध्याकाळी, धारेच्या वेळेला मात्र आईला गाई गेल्याचं आठवत नाही. ब्रेकचा आवाज ऐकू आला की चादरीखालनं तिचा उजवा हात बाहेर येतो. पंजा उघडा.

"बजरंगा, थांबली का रं गाडी?"

"थांबली."

"मागची?"

मी वाकून बघतो. मागचीही थांबलेली असते. तिच्या मागची पण. "सगळ्या थांबल्यात, आई."

"मग चल की. धर मला. हरणी वरडत आसंल."

मी तिचा तो वर केलेला हात माझ्या हातात घेतो आणि तसाच धरून ठेवतो. बाहेर गाड्या जरा वेळ थांबतात, मग एकेक करून निघून जातात.