चाकोरीचं माप

वळणावर होतं ते असं. ऐनाच्या झाडाला टेकलेली जीप एक. तिच्यामागं कुशीवर पडलेला दोनचाकी ट्रेलर एक. ट्रेलरवरची हजार लिटरची पाण्याची टाकी, कडेला चिरलेली, आतून कोरडी. जीपची चाकं चार, ट्रेलरची दोन, जीपच्या बाजूला अडकवलेलं जादाचं एक, म्हणजे एकूण सात. सातही एकाच मापाची. चप्पल एक, डाव्या पायाची. ड्रायव्हरच्या सीटखाली हिरव्या काचेचे तुकडे अकरा.

दिव्यानीनं हे सगळं वहीत उतरवलं आणि पेन कानामागं खोचलं. सकाळचे दहा वाजत होते, पण मे महिन्यातले दहा. खडकातून तापलेली वाफ वर येत होती.

करंजगुडा हा टेकडीवरचा गुडा, म्हणजे छोटी वस्ती. फेब्रुवारी सरला की तिथली विहीर आटते आणि पाणी खालच्या बोअरवरून वर आणावं लागतं. अंतर साडेचार किलोमीटर, त्यातले दोन निव्वळ चढाचे. बैलबंडीनं एक खेप करायची तर दिवस मोडतो. म्हणून गुड्याच्या पाणी समितीनं लिलावातली जुनी फोर-व्हील जीप घेतली, राजुऱ्याच्या वेल्डरकडून तिच्या मापाचा ट्रेलर करून घेतला आणि गाडी मुखरूभाऊंच्या हातात दिली. तीन उन्हाळे त्यांनी पाणी वर आणलं. अकरा दिवसांपूर्वी भरलेल्या टाकीसह चढत असताना, याच वळणावर, ट्रेलर नाल्याकडं कलंडला. त्यानं जीपलाही ओढलं. मुखरूभाऊ जीप आणि झाड यांच्यामध्ये सापडले आणि जागीच गेले.

गाडीत दारूचा वास होता. पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं आणि दिवस मावळायच्या आत गुड्यात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य झालं, मुखरू पिऊन होता. मुखरूभाऊंची बायको गुणाबाई येईल त्याला सांगत राहिली की ती बाटली तिच्यासाठी होती. तिच्या गुडघ्यांना मोहाची दारू चोळायचे ते, दर आठवड्याला खालच्या गावातून एक बाटली आणायचे. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि बाहेर पडून पुन्हा तेच बोलायचे.

आज संध्याकाळी समितीची बैठक होती. तिथं ठराव होणार होता की ड्रायव्हरनं दारू पिऊन गाडी चालवल्यामुळं अपघात झाला. समितीची सचिव दिव्यानी. राजुऱ्याला फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली गुड्यातली पहिली मुलगी, म्हणून ठरावाची वही तिच्याकडं. म्हणजे ते वाक्य तिलाच लिहायचं होतं.

"काऊन वं दिव्यानी," धनराजनं वरून हाक दिली. तो मुखरूभाऊंचा पुतण्या, आणि यापुढं गाडी तोच चालवणार होता. ट्रेलर ओढून काढायला तो दोन बैलजोड्या आणि साखळी घेऊन आला होता. "सात चाकं मोजायले इतका वेळ? माहे बैलं उन्हात उभे हायेत."

"साखळी लावू नका, धनराजभाऊ. ट्रेलर हलवू नका अजून."

"काय पाह्यतं त्याचं? कॉलेजात शिकवलं असन, मेलेल्या ट्रेलरची नाडी कुठी लागते थे."

दिव्यानीनं पिशवीतून मोजायची फीत काढली. काल दुपारी ती राजुऱ्याला फारूकभाईंच्या टायरच्या दुकानात गेली होती. गाडी उभी करायची तर काय काय लागेल, एवढंच विचारायला. तिथं दोन जुन्या रिम जमिनीवर शेजारी शेजारी उताण्या पडल्या होत्या. दोन्हींना पाच भोकं. पण एकीची मधली तबकडी, जी बोल्टांनी आसाला घट्ट बसते ती, आत खोल होती, आणि दुसरीची जवळजवळ बाहेरच्या कडेलाच. दिव्यानी त्या दोन रिमांकडं बघत उभी राहिली. फारूकभाईंनी चहा मागवला, तो गार झाला, तरी ती उभीच होती.

ट्रेलरला आधी लहान चाकं होती. गेल्या मे महिन्यात त्यातलं एक फुटलं. जीपचं जादाचं चाक ट्रेलरला बसेना. दोन दिवस टेकडीवर पाणी चढलं नाही. तेव्हाच दिव्यानीनं ठरवलं की जीप आणि ट्रेलर दोघांना एकच चाक चाललं पाहिजे, म्हणजे सहा चाकांना मिळून एक जादाचं पुरेल. या मार्चमध्ये तिनं मापं घेतली. बोल्ट पाच. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास एकशे एकोणचाळीस पूर्णांक सात मिलिमीटर. मधल्या भोकाचं माप, टायरची उंची, हवेचा दाब, एका चाकावर येणारं वजन. सगळं जुळलं. फारूकभाईंनी भंगारातून दोन दणकट रिम शोधून आणल्या आणि त्या पहिल्या झटक्यात बसल्या. फक्त टायर आतल्या बाजूला पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, क्लॅम्पला घासत होतं. फारूकभाईंनी ग्राइंडरनं क्लॅम्पचा कोपरा उडवला, घासणं थांबलं. दिव्यानीनं वहीत लिहिलं, 'चाके सुसंगत.'

टायर का घासलं, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं, असं ती समजली. तबकडी बाहेरच्या कडेला असली की बोल्ट तेच राहतात, टायर तेच राहतं, पण अख्खं चाक आत सरकतं. दोन्हीकडून सरकलं की ट्रेलर जीपपेक्षा अरुंद होतो. हे एक माप तिनं घेतलं नव्हतं.

सपाट रस्त्यावर याचा काही फरक पडला नसता. पण इथला रस्ता जीपच्याच चाकांनी केलेला. एप्रिलच्या अवकाळी पावसात मुरूम भिजला, चाकोऱ्या खोल झाल्या आणि उन्हानं तशाच भाजून निघाल्या. त्यांच्या कडा आता विटेसारख्या टणक होत्या.

फारूकभाई मोटरसायकल सावलीत लावून आले. काल ते दिव्यानीला म्हणाले होते, "एकटी जाऊ नको, मी येतो." आता त्यांनी तिला बाजूला बोलावलं.

"बेटा, एक बात सांगतो. अठ्ठावीस साल झाले मले या धंद्यात. लोकं रिमा बदलवतात. कोनाची आत जाते, कोनाची बाहेर येते. आजपर्यंत कोनी फीत घेऊन आलं नाई माझ्याकडं."

"हो."

"मग रस्ता खराब होता असं लिही ना. खोटं थोडी आहे थे? मुखरूभाऊचं नाव साफ झालं, किस्सा खतम."

तिनंही रात्री याच वाक्याचा विचार केला होता. "चाकोऱ्या दर उन्हाळ्यात अशाच पडतात, फारूकभाई. धनराजभाऊच विचारतील, मंग आत्ताच काऊन पडला? आणि गाडी पुन्हा हेच चाकं लावून चढली तर? पुढच्या आठवड्यात ते बसणार आहेत ना गाडीवर."

फारूकभाईंनी वर धनराजकडं पाहिलं. तो बैलांच्या तोंडावर पाणी मारत होता.

"तर माझं नाव लिही," ते हळू आवाजात म्हणाले. "रिम म्या आणली."

"मी जशी मागितली, तशीच तुम्ही आणली."

गुणाबाई जरा वरच्या अंगाला एका दगडावर बसली होती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, दोन्ही गुडघ्यांवर दोन हात. पहाटे ती कुणाला न सांगता चालत इथं आली होती. दिव्यानी तिच्यासमोर उकिडवी बसली. काय सांगायचं ते तिनं वाटेत चारदा जुळवलं होतं, पण आता सुरुवात आठवेना.

"गुणाबाई, ही चाकोरी पंचवीस सेंटीमीटर रुंद हाये. टायर सोळाचं. म्हणजे चाकाच्या दोन्ही अंगांनी साडेचार-साडेचार जागा मोकळी राह्यते." तिनं दोन काटक्या जमिनीवर ठेवल्या आणि मध्ये बोट धरलं. "ट्रेलरचं चाक जीपच्या चाकामागं एवढं सरकून चाललं तरी चाकोरीतच चालते. दोन्ही चाकांचे मिळून नऊ सेंटीमीटर. दोन चाकोऱ्यांतलं अंतर आणि ट्रेलरच्या दोन चाकांतलं अंतर, यांचा फरक नऊच्या वर गेला तर चाक कडेवर चढते, आणि वळणावर भरलेला ट्रेलर कलंडते."

"आन नऊच्या आत निघालं तं?"

"तर ट्रेलरचा दोष नाही. मग लोक म्हणतात तेच राह्यते."

"थो पिऊन होता म्हून."

"हो."

"आन नऊच्या वर निघालं तं?"

दिव्यानीनं बोट उचललं. "तर भाऊंची चूक नाही. चाकं मी निवडले होते, गुणाबाई. हे एक माप मी घेतलं नव्हतं."

गुणाबाई काटक्यांकडं पाहत राहिली. खाली नाल्याकडं एक भारद्वाज घुमत होता. तिनं एक काटकी उचलून बाजूला ठेवली.

"त्यायनं तुले सांगतलं होतं. घरी येऊन मले बोल्ले थे. वासरू मांगून झटके देऊन राह्यलं, दिव्यानीबाईले सांगतलं म्हने."

मुखरूभाऊ ट्रेलरला वासरू म्हणायचे. गाईनं सोडलं तर कुठं जाईल बिचारं, असं म्हणून हसायचे.

"सांगितलं होतं," दिव्यानी म्हणाली.

"मंग तू काय केलं?"

"हवा पाह्यली. दोन्ही चाकात बत्तीस होती."

"आन?"

"लिहून ठेवली."

गुणाबाईचा हात गुडघ्यावरून घसरला आणि पुन्हा जागेवर गेला. दिव्यानीला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. फारूकभाई मागं येऊन उभे होते. "भाभी," ते म्हणाले, "पोरीनं जानूनबुजून..." गुणाबाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"चांगली पोरगी हायेस म्हनत थे तुले," ती दिव्यानीला म्हणाली. "रोज एक कॅन पह्यले तुह्या दारात उतरवत. मी भांडो त्याच्यासाठी." मग पदरानं तोंड पुसून ती उठली. "मोज."

आधी चाकोऱ्या मोजल्या. एका चाकोरीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत, तीन ठिकाणी. फारूकभाईंनी एक टोक धरलं. वळणाच्या खाली एकशे चौतीस, वळणावर एकशे चौतीस पूर्णांक तीन, वर एकशे तेहेतीस पूर्णांक सात. सरासरी एकशे चौतीस. वळणावर आतल्या चाकोरीची कड हातभर लांबीत चुरलेली होती आणि त्या चुऱ्यावर टायरच्या नक्षीचा ठसा होता. दिव्यानीनं ठशाची लांबी घेतली, बेचाळीस.

धनराज साखळी खांद्यावर तशीच ठेवून खाली आला. "हे काय चाल्लं?"

"चूप ऱ्हाय," गुणाबाई म्हणाली.

"काकी, इतकं सारं मोजून काका का परत..."

"चूप ऱ्हाय म्हन्लं ना तुले. थे साखळी खाली ठेव."

त्यानं साखळी खाली ठेवली.

मग ट्रेलर. तो कुशीवर होता, त्यामुळं एक चाक मातीत रुतलेलं आणि दुसरं छातीएवढ्या उंचीवर, आकाशाकडं तोंड करून. रुतलेल्या चाकाभोवतीची माती दिव्यानीनं हातांनी उकरली. टायरच्या मध्यावर खूण करण्यात चूक होऊ शकते, म्हणून तिनं एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचं ठरवलं. दोन्ही टायर सारखी असली की ते अंतर तेच येतं. फारूकभाई खालचं टोक धरायला वाकले.

"मले दे," गुणाबाई म्हणाली.

"तुमचे गुडघे, भाभी."

"मले दे म्हन्लं."

ती दोन्ही गुडघे टेकून मातीत बसली. दिव्यानीनं तिचा अंगठा धरून टायरच्या कडेवर नेमका ठेवला, फितीचं शून्य त्याखाली आणलं. "हलवू नका."

"नाई हालवत."

दिव्यानी उभी राहिली. तिनं फीत आसाला समांतर वर नेली, ताणली, झोळ काढला. आकडा वाचला. फीत सोडली आणि सगळं पुन्हा एकदा केलं. दुसऱ्यांदाही तोच आला. वही जीपच्या मडगार्डवर होती. तिनं लिहिलं, आणि लिहिलेलं धनराजलाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"चाकोरी, एकशे चौतीस. ट्रेलर, एकशे बावीस पूर्णांक दोन. फरक, अकरा पूर्णांक आठ सेंटीमीटर."